शेवटल्यापासून

दर मंगळवारी साडेसातला
शरणपुरात लेवीमामांच्या ओट्यावर आम्ही सात जण.
मामा नोटांच्या छापखान्यातून निवृत्त.
छत्तीस वर्षं बंडलं मोजली,
अजून शास्त्राचं पान उलटतानाही
अंगठा आधी जिभेला लावतात.

त्या मंगळवारी द्राक्षमळ्याचा दाखला निघाला.
एस्तेरमावशी हसल्या,
"हा तुझा गं, शलोमी. तूच वाच."
खरंच माझा. जानेवारीपासून
मोहाडीच्या पॅकहाउसात मस्टर माझ्याकडे:
पूर्ण, अर्धा, पाव.
माझ्या बोटांना द्राक्षाचा चीक लागत नाही,
फक्त शाई.

वाचत गेले.
पहाटे ठरलेले, नंतर ठरलेले, दुपारचे,
आणि दिवस कलला तरी चौकात नुसते उभे,
कारण कोणी बोलावलंच नाही.
"पेठ नाका," मामा मध्येच म्हणाले.
कोणी मान वर केली नाही.
तो नाका सगळ्यांनी पाहिलेला,
हातात डबा,
दर पिकअपमागे चार पावलं धावून
परत जागेवर येणारे.

मग सगळे धन्याविषयी बोलले.
किती उदार, कृपा कशी मापात मावत नाही.
कुरकुरणाऱ्यांविषयी तर जास्तच बोलले.
माझं बोट एका शब्दावर अडकून बसलं:
कारभारी.
धनी त्याला सांगतो, हाक मार, मजुरी दे,
शेवटल्यापासून सुरुवात कर.
तो काही बोलत नाही.
मनात हिशेब मांडतो का,
थैलीची गाठ सोडताना त्याचे हात कसे होते,
काहीच लिहिलेलं नाही.
मी विचारलं.
तेवढ्यात चहा आला.

मामांचा शेवटचा प्रश्न ठरलेला:
"मग आठवडाभर याचं करणार काय?"
आणि ते वहीत टिपतात,
नोटांचे नंबर टिपावेत तसं.
मी म्हटलं, बघते.

गुरुवारी यशोदा गावित तीनला आली.
ननाशीकडची. पोराला ताप,
पहिली जीप हुकली, दुसरी वाटेत बंद पडली.
कात्री घेऊन बसली ती सुट्टी होईस्तोवर,
घडातले सडके मणी काढत,
पाणीसुद्धा न पिता.
मी पाव लिहिलं.
पाव बरोबरच होतं.
लिहिताना पेन अडखळलं नाही,
हे कबूल करते.

शनिवारी आप्पांकडे गेले.
"गावितबाईला परवाचा पूर्ण द्यावा म्हणते."
ते फोनवर कंटेनरचा भाव ऐकत होते.
"मळा तुमचा का माझा?" म्हणाले, तेही हसून.
गंमत बघा,
दाखल्यातला धनीही जवळपास हेच म्हणतो.
फक्त त्याची मूठ तेव्हा उघडी असते.

थैली माझी नव्हती.
रांग माझी होती.

आमच्याकडे पुकारा वरून होतो.
आधी मुकादमाची माणसं, मग गावातली,
ननाशीच्या बाया सगळ्यात खाली.
त्यांचा नंबर येईतो जीप निघून जाते,
आणि रिकाम्या क्रेटांना टेकून
शेडमध्येच रात्र.
मी यादी खालून धरली.
"गावित यशोदा!"
कुरकुर झाली. व्हायचीच.
"बाई, आम्ही सकाळपासून आलोय,"
मुकादम म्हणाला,
आणि मला हसू आवरेना,
इतकं ते ओळखीचं.

तिनं पैसे मोजलेही नाहीत.
पदराला गाठ मारली आणि पळाली.
तिच्या मागोमाग बाकीच्या,
चपला हातात घेऊन.
त्यात तीनशे कमी होते.
माझ्या पर्समध्ये तीनशे होते.
हे सुचलं
जीप वळणापलीकडे गेल्यावर.

मंगळवारी मामांनी वही उघडली.
"शलोमी?"
"रांग उलटी केली."
"आणि?"
"तीनशे राहिले."
त्यांनी दोन्ही लिहून घेतलं,
एकाखाली एक, बेरीज न करता.
मग अंगठा जिभेला लावला
आणि पुढचं पान काढलं.